दोन डबे

इव्हालोच्या दुकानात, काउंटरवर दोन डबे.
एक पावाच्या लादीएवढा, वर मूठ, तीन किलो सातशे.
दुसरा शिवणयंत्राच्या पेटीसारखा, नऊ किलोंच्या वर.
ओन्नीने तो उचलून पाहिला,
आणि ओन्नीच्या आधी त्याचा गुडघा बोलला.

दुकानातला यूसो
(सहा वर्षं मी त्याला शाळेच्या बसने नेलंय,
मागच्या सीटवर हमखास उलटी करायचा)
आता आम्हाला वॉट समजावतो.
"याच्यावर फोन वीस वेळा चार्ज.
त्याच्यावर कॉफीचं मशीन, छोटा फ्रिज,
आणि दिवा तर किती रात्री विचारूच नका."
दिवा कशाला रे, मी म्हणते,
जूनमध्ये इथे सूर्य मावळायचं नाव काढत नाही.
कॉफी निखाऱ्यांवर होते.
फोन एक लेकच करते, रविवारी, तेही आम्ही घरी असलो तर.

"मग चालवायचंय तरी काय?"

ओन्नी हातमोज्यांच्या ढिगात काहीतरी शोधू लागतो.
"श्वास," मी म्हणते.

तासाला एक्केचाळीस वेळा थांबतो हा माणूस.
डॉक्टरांनी कागदावर दाखवलं,
सुईची रेघ चालते, चालते, आणि मग नुसता कागद.
तेव्हापासून उशाशी यंत्र, नाकावर मुखवटा, नळी,
आणि भिंतीतल्या प्लगपासून दीड मीटरवर आमचा संसार.
सहा उन्हाळे झाले, तळं पाहिलेलं नाही.

यूसो एकदम मोठा होतो.
पावतीच्या पाठीवर आकडे मांडतो:
तीस वॉट, आठ तास.
वाफेची टाकी बंद ठेवा, ती फार खाते.
गाडीसारख्या या गोल सॉकेटातून घ्या, गळती कमी.
डबा रात्री उघड्यावर ठेवू नका, गारठ्याने तोही आखडतो.
लहान डबा: एक रात्र, वर चिमूटभर.
मोठा: जवळजवळ तीन.
घडीचं सौर पॅनल घेतलंत तर प्रश्नच मिटला,
पण ते संपलंय, ऑगस्टमध्ये येईल.
"सूर्य इथे फुकट, आणि त्याची घडी ऑगस्टमध्ये," ओन्नी म्हणाला.
दुकानात शिरल्यापासून त्याचं पहिलं वाक्य.

आम्हाला दोन रात्री हव्या होत्या.
आणि दोन तळ्यांच्या मध्ये पावणेदोन किलोमीटर दलदल,
तिच्यावर कुजलेल्या फळ्या,
होडी पलीकडे, सामान पाठीवर.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे,
पण इथे अंथरूणच वाहून न्यायचं होतं.
तो म्हणाला मोठा, मी उचलीन.
मी म्हटलं लहान.
तो म्हणाला, आणि दुसऱ्या रात्री?
मी पैसे दिले.

पहिली रात्र यंत्राची.
तंबूत बारीक सूं-सूं, डबा माझ्या झोपण्याच्या पिशवीत
पायाशी, मांजरासारखा किंचित कोमट.
मी इतकी गाढ झोपले की डास मोजायचे राहिले.

दुसऱ्या रात्री डब्याने चाळीस मिनिटं दिली.
मग पडद्यावर शून्य, मग पडदाही काळा.
मुखवटा काढून मी बाजूला ठेवला.
त्याच्या गालांवर पट्ट्यांचे वळ,
तंबूच्या कापडातून उतरलेलं पिवळं ऊन,
रात्रीचे दोन.
डोळ्यात तेल घालून बसले.
तेलाला वॉट लागत नाहीत, वजनही नाही,
यूसोच्या यादीत ते नव्हतं.
श्वास. श्वास. मग काहीच नाही.
सात, आठ, नऊ, पाण्यावर पाणबुडा ओरडला,
अकरा, बारा,
कोपर.
घर्र करून तो परतला, जागा न होता.
यंत्र येण्याआधी वर्षानुवर्षं हेच तर करत होते,
कोपराला अजून जागा आठवते.

सकाळी मासा साफ करता करता म्हणाला,
झकास झोप लागली, डबा चांगला निघाला.
मी म्हटलं, हो.
चौदा दिवसांत बदलून मिळतो, पावती माझ्या कोटाच्या खिशात आहे,
आकड्यांवर कॉफी सांडलेली.
आज बारावा दिवस.
डावा डोळा अजून चुरचुरतो.